सोबतीला घेतलेली मुलगी

रविवार, ११ मे. कपुंडा

शेवटी गार्थचंच खरं झालं. एकटीने जायचं नाही. रेनाटेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला धूळ चालणार नाही. इतकी वर्षं आम्ही चुलतबहिणी मे महिन्यात वाळवंटात जातो, यंदा मी एकटी जाईन म्हटलं तर माझा मुलगा माझ्याच स्वयंपाकघरात उभा राहून मला शिकवतो. "आई, सोबत कुणी असेल तर जा. नाहीतर गाडीची किल्ली दे इकडे." जिने जन्मभर शाळेची बस चालवली तिच्याकडे किल्ली मागतो.

म्हणून बेकरीच्या काचेवर चिठ्ठी लावली, वाळवंटाच्या काठच्या बर्ड्सव्हिलपर्यंत सोबत हवी. एकच फोन आला. टेगन नावाची मुलगी. तिकडे एका लॉजवर स्वयंपाकिणीचं काम मिळालंय म्हणते. आज भेटायला आली. तिशीच्या आतली, काटकुळी, नखं कुरतडलेली, पायात शहरातले बूट. जिथे बससुद्धा जात नाही तिथे चार माणसांचं रांधायला आपणहून कोण जातं? मी सरळच विचारलं, "कुणापासून पळतेयस?"

"कुणापासूनच नाही," म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

गार्थला ती लगेच आवडली. जरा जास्तच लगेच. निघताना दोघं फाटकापाशी हळू आवाजात बोलत होते. मी खिडकीतून पाहिलं. त्याने मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण कुठेतरी पाणी मुरतंय.

सोमवार, १२ मे. लिंडहर्स्टच्या अलीकडे, कोरड्या ओढ्याकाठी

निघण्याआधी नियम सांगून टाकले. गाडी मी चालवणार, दुसऱ्या कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. किल्ली माझ्या गळ्यात दोरीला असते, झोपतानासुद्धा. आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, मी खाली उतरून बाहेरून उघडते, तोवर बसून राहायचं. रेनाटेला याचा कधी त्रास झाला नाही. या मुलीने ऐकून घेतलं आणि काच पूर्ण खाली केली. दिवसभर काच खालीच, हात बाहेर. माझ्या गाडीत पोतंभर धूळ आली.

मी फारशी बोलत नाही अशी गार्थची तक्रार असते, म्हणून मुद्दाम बोलले.

"घरी कुणाला माहीत आहे का, तू कुठे आहेस ते?"

तिने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "हो. पुष्कळ जणांना."

खोटं. बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

"वजन किती तुझं?" मागे पाण्याच्या टाक्या आहेत, भार दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो.

"का?"

सरळ प्रश्नाला उलटा प्रश्न. बसमध्ये अशी पोरं मी बरोबर ओळखायचे. बॅगेत काहीतरी असायचंच त्यांच्या.

बॅगेवरून आठवलं. तिची बॅग सबंध दिवस मांडीवर. मागे टाक म्हटलं तर "असू दे" म्हणते. आणि मी गिअर बदलला की तिचा डावा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातो. म्हणजे हिला गाडी येते, आणि माझं चालवणं पसंत नाही. हे तोंडाने सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चॉप्स भाजले, डब्यातलं बीट काढलं. मी तिच्यासाठी चहा ओतून ठेवला तर तिने तो तसाच राहू दिला. मी माझा पिऊन संपवल्यावर स्वतःच्या हाताने किटलीतून दुसरा घेतला. मी लाकडं फोडली आणि नेहमीप्रमाणे कुऱ्हाड उशाशी घेतली, कारण डिंगो, म्हणजे रानटी कुत्रे, येतात. तिने आपली वळकटी शेकोटीच्या पलीकडे पसरली होती. ती उचलली आणि झुडपांच्या मागे नेली. थंडीत, शेकोटी सोडून. ज्याचं मन साफ आहे तो माणूस शेकोटी सोडत नाही.

मंगळवार, १३ मे. कूपर नदीच्या पात्राजवळ

बटाट्याची सुरी गायब. सकाळी डबा उघडला तर जागा रिकामी. ही झुडपांमागे गेली तेवढ्यात मी तिची बॅग चाचपली. बाहेरच्या खिशात माझी सुरी. शेजारी एक शिट्टी, पोलिसांची असते तशी. सुरी काढून परत डब्यात ठेवली आणि काही बोलले नाही. बोललं की माणूस सावध होतो.

मरी गावात डिझेल भरलं. पुढे सगळा कच्चा रस्ता, म्हणून चाकांतली हवा कमी करत मी गाडीमागे वाकले होते. तिला वाटलं मी दुकानात आहे. फोन कानाला लावून ती भिंतीला टेकली होती. जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते:

"नाही, किल्ली तिच्या गळ्यातच असते... हो, रोज रात्री काहीतरी लिहिते. लिहिताना माझ्याकडे बघते... नाही, झोप नाही. थोडीशी... पाठवते नंबर, जपून ठेव."

आता उजेड पडला. गार्थच. आई कशी चालवते, काय खाते, कुठे चुकते, सगळं कळवायला ही मुलगी पेरली आहे. परत गेले की टेबलावर यादी ठेवेल आणि किल्ली मागेल.

पण मग नंबर कसला? ते दुपारी समजलं. मी चहासाठी थांबले तर ही गाडीच्या पुढे उभी राहून नंबरप्लेटचा फोटो काढत होती. गार्थला माझ्या गाडीचा नंबर पाठ आहे. मग हा फोटो कुणासाठी?

नंतर सहज विचारल्यासारखं विचारते, "सॅटेलाइट फोन कुठे ठेवलाय?"

"कसला सॅटेलाइट फोन?"

"तुमच्या मुलाने सांगितलं तुमच्याकडे आहे."

"घरी आहे. पिठाच्या डब्यामागे. उगीच वाजत बसतो."

बाकी रस्ता चांगला होता. पन्हळी पत्र्यावरून चालवावं तसा खडखडाट, पण वेग धरला की गाडी वरच्या वर जाते. तिचा पाय दाबून दाबून दुखला असेल. एक गुरांचा ट्रक समोरून आला, तीन ट्रेलरवाला, तर हिने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून हलवले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ओळखीचा होता का, विचारलं. म्हणाली, "नाही. सहज." सहज कुणी असे हात हलवत नाही. ही कुणाला तरी खुणा करतेय.

माणूस मात्र कामसू आहे, हे लिहायला हवं. न सांगता भांडी घासली, रेती लावून, पाणी न वाया घालवता. हे तिला कुणी शिकवलं?

बुधवार, १४ मे. सकाळ

सुरी पुन्हा गायब. मी ठरवलंय, आज काही बोलायचं नाही. झोपेअभावी तिचे डोळे खोल गेलेत, मान अवघडली आहे. चोर असली, हेर असली, तरी माझ्या गाडीत बसलेलं माणूस आहे. तिला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेते. जुना गुरांचा बोअर आहे, जमिनीतून ऊन पाणी येतं, सिमेंटचा हौद आहे. मला आणि रेनाटेलाच ठाऊक असलेली जागा. आधी सांगत नाही. गंमत.

त्याच दिवशी, दुपार

हौदाला पाठ टेकून लिहितेय. घोटा भोपळ्याएवढा झालाय. लिहिलं नाही तर ओरडेन, म्हणून लिहिते.

सकाळी तिला विचारलं, "पोहता येतं?" ती म्हणाली, "हो. खूप चांगलं." मग मी रस्ता सोडून डावीकडे वळले.

"मुख्य रस्ता तो होता," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आपण कुठे चाललोय?"

"पोचल्यावर कळेल. कपडे काढायची तयारी ठेव."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं गाडी लागली असेल. बॅगेचा खिसा तिने मुठीत धरून ठेवला होता.

पोचलो. मी दार उघडलं तशी ती उतरून वीस-तीस पावलं लांब जाऊन उभी राहिली. मी हौदाकडे निघाले, पाणी किती गरम आहे बघायला. कडेला शेवाळ होतं. दरवर्षी असतं, दरवर्षी मी रेनाटेला सांभाळून म्हणते. पाय सरकला आणि काहीतरी कट्कन वाजलं.

मी पडले, आणि ती तिथेच उभी. माझ्याकडे बघत. मी हाक मारली तेव्हा आली ती हळूहळू, आणि हातात माझी सुरी. झालं, म्हटलं. इथे तर कावळासुद्धा साक्षीला नाही.

तिने गुडघ्यावर बसून माझ्या बुटाची नाडी कापली. मग बुटाची जीभ कापली, बूट सैल करून काढला, आणि माझा पाय वळकटीवर ठेवला. एवढं केल्यावर म्हणाली, "किल्ली द्या."

"नाही."

"मिसेस नोस्के, तुम्हाला क्लच दाबता येणार नाही."

"कुणीतरी येईल."

"ही जागा कुणालाच माहीत नाही, असं तुम्हीच आत्ता ओरडताना म्हणालात."

म्हणाले असेन. तिने मला उचलायचा प्रयत्न केला. काखेत हात घालून दोनदा. मी काही पिसासारखी नाही, आणि तिच्या अंगात बळ नाही. दुसऱ्यांदा दोघी आडव्या झालो. तिच्या फोनला रेंज नव्हती. गाडीतल्या वायरलेस रेडिओवर तिने हाका मारल्या, नुसती खरखर आली.

"तुम्हाला काय वाटतं, मी गाडी घेऊन पळून जाईन?"

"हो," मी म्हटलं. आडपडदा कशाला.

मला वाटलं रडेल, किंवा झटापट करून दोरी ओढेल. तिला जमलं असतं, मी जागची हलू शकत नव्हते. ती माझ्यासमोर मातीत फतकल मारून बसली. "ठीक आहे. मग मीपण इथेच बसते."

आणि बसली. टोपीने माझ्या पायावरच्या माश्या वारत राहिली. मध्ये उठून चहा केला, मला आधी दिला. मी तिच्याकडे बघत होते आणि ती पायाकडे. ऊन चढलं. पायात घणाचे घाव पडत होते. शेवटी मी दोरी डोक्यावरून काढली. विश्वास बसला म्हणून नाही. दुखत होतं म्हणून.

त्याच दिवशी, उन्हं कलताना

गेली. ताडपत्री बांधून सावली केली, पाण्याचा कॅन हाताशी, बिस्किटं, माझा कोट. "येते," म्हणाली. मग दार ओढलं.

पण बॅग घेऊन गेली. बॅग! परत येणारं माणूस आपलं सगळं सामान कशाला नेईल? गाडी सुरू होऊन धूळ उडाल्यावर माझ्या हे लक्षात आलं. हाक मारून उपयोग नव्हता.

एक गोष्ट मान्य करते. गिअर एकदाही खरखरला नाही.

गार्थ, हे तुला सापडलं तर: ही तुझी निवड. हिला माझ्या गाडीचा नंबर पाठ आहे. मी चिडून लिहीत नाही. खरं सांगायचं तर मघापासून रागच येत नाहीये. तिने बांधलेल्या ताडपत्रीची गाठ बघत बसलेय. पळून जाणारी बाई इतकी नीट गाठ मारत नाही, असं एकदा वाटतं. मग वाटतं, पाप सलू नये म्हणून मारली असेल.

गुलाबी काकाकुव्यांचा थवा हौदावर पाणी प्यायला आला होता. माझी त्यांना मुळीच भीती वाटली नाही. त्यांच्या लेखी मी दगड.

थंडी पडायला लागली.

शुक्रवार, १६ मे. बर्ड्सव्हिल

आली होती ती. सूर्य टेकला तेव्हा दोन गाड्यांची धूळ दिसली. पुढे माझी, मागे रस्ता सपाट करणाऱ्या टोळीतली. त्यातून बॉयड नावाचा दाढीवाला उतरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काय हो बाई, आंघोळीला एवढ्या लांब?"

मी टेगनला पहिला प्रश्न विचारला तो हाच. "बॅग का नेलीस?"

तिने बॅगेकडे असं बघितलं जणू ती कुणी दुसऱ्याने तिच्या खांद्यावर अडकवली होती. "लक्षातच नाही आलं. असतेच माझ्याकडे."

बॉयड म्हणाला, "बॅगेचं काय घेऊन बसलात. ही पोरगी रस्त्याच्या मधोमध शिट्टी वाजवत उभी होती, माझ्या ग्रेडर मशीनच्या पुढ्यात. मी कानाला हेडफोन लावून गाणी ऐकत होतो. थोडक्यात वाचली. आणि मी थांबलो तर शिव्या मलाच."

त्या दोघांनी मला उचलून मागे गाद्यांवर ठेवलं. बर्ड्सव्हिलपर्यंत टेगनने चालवलं, बॉयडची गाडी पुढे ठेवून. वाटेत, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? मला पहिल्या दिवसापासून तुमची भीती वाटत होती."

"माझी?"

"तुमची. ते दार, ती कुऱ्हाड. घरी कुणाला माहीत आहे का, वजन किती, पोहता येतं का. बहिणीला मी नंबरप्लेटचा फोटो पाठवून ठेवला, मी सापडले नाही तर पोलिसांना द्यायला."

मी इतकी हसले की पाय ठणकला. चर्चच्या केकच्या स्टॉलवर बसणारी बाई मी. माझी कुणाला भीती वाटेल?

ती हसली नाही. म्हणाली, "आधी मी ज्याच्याबरोबर राहायचे, किल्ली त्याच्याही एकट्याकडेच असायची. घराचीसुद्धा."

"एकच किल्ली बरी. दोन असल्या की एक हरवते," मी म्हटलं. यावर तिने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. दमली असणार.

इथल्या नर्सने हाड चिरलंय म्हणून सांगितलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा बूट चढवला. गार्थला फोन केला. तो मंगळवारच्या विमानाने येतोय. फाटकापाशी काय कुजबुजत होतास, विचारलं. म्हणाला, "आई, तुला चालवताना चष्मा लाव म्हणून आठवण करायला सांगितलं होतं तिला. केली का?"

टेगनला विचारलं. म्हणते, "धीर नाही झाला."

रविवार, १८ मे. बर्ड्सव्हिल

ज्या लॉजवर टेगनला काम मिळालंय, तिथेच मला खोली दिली आहे. गावाच्या टोकाला आहे, पुढे नुसती वाळू. मालकाचं नाव लिंडन. केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं मधाळ. तीन दिवस जेवणघरात पाय खुर्चीवर ठेवून बसलेय. दुसरं काय करणार, बघते.

मला हा माणूस आवडत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, आधीची स्वयंपाकीण कुठे गेली? म्हणाला, तिची आई आजारी पडली. काल गप्पांत पुन्हा विषय काढला, तर तिचं लग्न ठरलं. आज सकाळी अंडी फार शिजली म्हणून मी सहज म्हटलं, "आधीची बाई बरी करत असेल," तर हा म्हणतो, तिने चोरी केली म्हणून हाकलली. आई, लग्न आणि चोरी. एका बाईला इतकं सगळं एकाच वेळी होत नाही.

आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. आत जात नाही, बाहेर येत नाही. टेगनला ट्रे घेऊन त्याच्या अंगाला घासून बाहेर यावं लागतं. "वाट द्या," ती म्हणते, तेव्हा तो हसतो आणि अर्धी वाट देतो. काल रात्रीच्या जेवणाला तिची नखं पाहिली. अंगठ्याचं रक्त आलं होतं.

आज दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. "मंगळवारी मुलगा नेतोय ना तुम्हाला? बरं झालं. म्हाताऱ्या माणसाने घरीच बरं. इथे मग आम्ही दोघंच."

टेगन मागून सूपचे वाडगे घेऊन येत होती. ती थांबली.

"मुलगा येत नाहीये," मी म्हटलं. "त्याला मी येऊ नको म्हणून कळवलंय." कळवलं नव्हतं. "टेगन नेतेय मला. आमचं आधीच ठरलंय, माझा पाय बरा होईस्तोवर गाडी तिनेच चालवायची. तुम्हाला सांगितलं नाही का तिने?"

लिंडन हसत हसत म्हणाला, "तिने मला शब्द दिलाय, हंगामभर राहण्याचा."

"मलाही दिलाय. माझा आधीचा."

तो टेगनकडे वळला. मीही. मला वाटलं आता ती म्हणेल, हे काय भलतंच, असं काही ठरलेलं नाही. कारण ठरलेलं नव्हतंच. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं, आणि तिला नोकरीची किती गरज आहे तेही मला ठाऊक होतं. तिने वाडगे शेजारच्या टेबलावर ठेवले, एकही थेंब न सांडता. ॲप्रन सोडला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"आत्ता निघायचं की सकाळी?" मला विचारलं.

"आत्ता," मी म्हटलं.

ती सामान भरतेय आणि मी पायरीवर बसून हे लिहितेय. गार्थला फोन करून विमान रद्द करायला सांगितलं. तो ओरडला, मी फोन ठेवला. लिंडन आत कपाटांची दारं आपटतोय.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. कुठे जायचं, किती दिवस, पगाराचं काय, या मुलीने एकही प्रश्न विचारला नाही. इतकी पटकन कशी तयार झाली? यात काहीतरी आहे. वाटेत विचारून घेईन.